वीसपैकी तीन

“या पुण्याच्या बाईंनीच तपासलंय तिला,” मारुती पुकळे उभा राहून म्हणाला. “आठ दिसांमागं, ह्याच शाळेत. ध्यानात ठेवायची परीक्षा. वीसपैकी तीन मार्क पडले. सगळ्या वस्तीनं ऐकलंय. आन आता ही वीसपैकी तीनवाली बाई म्हणती, माझ्या खांडातली अकरा मेंढरं तिची हायत. तीबी कातरल्यावर! सरपंच, तुमीच इचारा बाईंना.”

शाळेच्या पटांगणात बसलेली साठ-सत्तर माणसं माझ्याकडे वळली. मी व्हरांड्यात गुरुजींच्या बायकोशेजारी बसले होते. हातात चहाचा कप होता, तो कुठे ठेवावा ते सुचेना.

ठकूबाई झिमल समोर बायकांच्या घोळक्यात उभी होती. चाळिशीची, काटक, डोक्यावरचा पदर दातांत धरलेली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

कारण पुकळे खोटं बोलत नव्हता. मार्क तीनच होते आणि ते सगळ्यांसमोर मीच सांगितले होते.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या भाद्रपदातली. मी तेवीस वर्षांची होते, साताऱ्याची, पुण्यात मानसशास्त्रात एम. फिल. करत होते. माझे मार्गदर्शक डॉ. अच्युत सबनीस यांनी विषय दिला होता : पाहिलेलं लक्षात ठेवण्याच्या वेगवेगळ्या चाचण्यांची तुलना. शहरातल्या शिकलेल्या बायकांवर त्या चाचण्या घेऊन झाल्या होत्या. आता न शिकलेल्या बायका हव्या होत्या. म्हणून मी माण तालुक्यातल्या या धनगरवस्तीवर महिनाभरासाठी आले होते. पावसाळ्यात मेंढपाळ घरी असतात, दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात, तेव्हा हीच वेळ बरी होती.

चाचण्या तीन होत्या. पहिलीत रेघांची एक आकृती दहा सेकंद दाखवायची, झाकायची आणि ती आठवून कागदावर काढायला सांगायची. गुण वीस. दुसरीत वीस चित्रं दाखवायची आणि मग चाळीस चित्रांतून तीच वीस ओळखायला लावायची. तिसरी सर्वांत साधी. एका ताटात बारा वस्तू मांडायच्या, चाकू, किल्ली, बटण, काडेपेटी अशा, थोडा वेळ पाहू द्यायच्या, मग मांडणी मोडून त्या पुन्हा जागच्या जागी ठेवायला सांगायच्या. ही तिसरी सबनीस सरांना पोरखेळ वाटायची. “घ्या, पण तिच्यावर भर नको,” असं त्यांनी बजावलं होतं. त्यांचा भर पहिलीवर होता. न शिकलेल्यांची दृश्य-स्मृती कमी असते हे तिच्यात स्वच्छ दिसेल, असा त्यांचा होरा होता.

आणि तसं दिसतही होतं. ठकूबाईने पेन्सिल मुठीत धरली, लाटण्यासारखी. पहिली रेघ ओढताना कागद फाटला. दुसऱ्या कागदावर तिने एक चौकोन काढला, तो मिटलाच नाही. मग तिने पेन्सिल खाली ठेवली आणि हसून म्हणाली, “ताई, दिसतंय समदं, पर हात जात न्हाई तिकडं.”

मी ते वाक्य लिहून घेतलं नाही. लिहून घेण्यासाठी कागदावर जागाच नव्हती. तीन गुण लिहिले. बाहेर बायका थांबल्या होत्या, त्यांनी विचारलं, “किती पडले ठकीला?” मीही कौतुकाने, त्यांच्यातली एक होऊन बसायच्या हौसेने सांगून टाकलं : “वीसपैकी तीन.” सगळ्या खदखदून हसल्या. तीही हसली. संशोधनात कुणाचे गुण कुणाला सांगायचे नसतात, हे मी परीक्षेत चांगलं पानभर लिहिलेलं होतं.

त्यानंतर चार दिवसांनी ओढ्याकाठी कातरणी झाली. ठकूबाईचं खांड, म्हणजे कळप, आणि पुकळ्याचं खांड एकाच दिवशी, एकाच माळावर कातरलं गेलं. ठकूबाईचा नवरा खंडू पाय मोडून घरी खाटेवर होता. चाळीस मेंढरांचं सगळं तीच बघायची. मेंढरांच्या पाठीवर ओळखीसाठी गेरूचा पट्टा मारलेला असतो, तो लोकरीबरोबर गेला. संध्याकाळी सगळी मेंढरं सारखी दिसायला लागली, काळी, उघडी, हाडं दिसणारी. ठकूबाई घरी आली तेव्हा तिची अकरा कमी होती. पुकळ्याच्या कळपात शंभरावर मेंढरं. तो व्यापारी माणूस, रोज नवी आणायचा, जुनी विकायचा. “माझ्यात कुणाचं काय न्हाई,” असं म्हणून तो मोकळा झाला. म्हणून ही बैठक.

“बोला बाई,” सरपंच जगदाळे म्हणाले. साठीचे, शांत गृहस्थ. “पुकळे म्हणतोय ते खरं?”

मी उठले. कप खाली ठेवला तो बशीवर आपटला.

“तीन गुण खरे आहेत,” मी म्हणाले. “ते मी सर्वांसमोर सांगितले ही माझी चूक. तसं सांगायचं नसतं.”

“चुकीचं राहू द्या. मार्क तीन हायत का न्हाईत?” पुकळे म्हणाला.

“त्या परीक्षेत तीन. पण मी तिची तीन वेळा परीक्षा घेतली, तीन तऱ्हांनी. दुसरीत चित्रं ओळखायची होती. त्यात वीसपैकी अकरा. त्यातल्या निम्म्या वस्तू तिनं जन्मात पाहिल्या नव्हत्या. टेलिफोन, टाय, केकचा तुकडा. आणि तिसरी, ताटातल्या वस्तूंची. बारापैकी बारा. वस्तीवर बावीस बायकांना तपासलं, बाराच्या बारा फक्त तिच्या. पुण्यातही कुणाला पडले नाहीत.”

कुणीतरी “आरं तिच्या!” म्हणालं. सरपंचांनी हात वर केला.

“मग यातलं खरं कोणतं? एकाच बाईची आठवण तीनबी आन बाराबी?”

“तिन्ही खरे आहेत,” मी म्हणाले. “पण पहिलीत आठवणीपेक्षा पेन्सिल जास्त तपासली जाते. आणि तिन्हींतली एकही मेंढरांबद्दल काही सांगत नाही. ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.”

“म्हंजे तुमीच म्हणता, तिला वळखता येतंय का ते ठाऊक न्हाई,” पुकळे हसला.

“हो. पण तपासता येईल.”

हे मी कसं बोलून गेले, आजही सांगता येणार नाही. मनात आराखडा वगैरे काही नव्हता.

ठकूबाई पहिल्यांदा बोलली. माझ्याशी नव्हे, पुकळ्याशी. “मारुती, तुजी पोरगी उद्या केस कापून आली तर तू तिला वळखायचा न्हाईस व्हय? पट्टा तुमच्या सोईला मारत्यात. मला कशाला लागतोय पट्टा?”

सरपंचांनी जरा विचार केला. “बरं. घ्या परीक्षा. बाई घेतील तशी. ठकूबाई, पास झालीस तर पुकळेनं खांड दाखवायचं. नापास झालीस तर ह्या मेंढरांचं नाव पुन्हा काढायचं न्हाई, आन पुकळेची चारचौघांत माफी मागायची. कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली. पुकळेही म्हणाला. त्याच्या तोंडावर तर सणाचा आनंद होता.

त्या दिवशी मी जेवले नाही. वहीची पानंच्या पानं खरडली. ठकूबाईने कधी पाहिलेली नाहीत अशी मेंढरं हवीत, तीही नुकती कातरलेली. खुणा अशा हव्यात की वरून दिसणार नाहीत. मेंढरं तिने नव्हे, दुसऱ्यानं धरावीत. मला किंवा गुरुजींना माहीत असता कामा नये कोणती कुठली, नाहीतर आमच्या नजरेवरूनही ती ताडेल. सरांच्या पुस्तकांत हे नियम होतेच. मी ते पहिल्यांदा मनापासून वापरत होते.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीचा भिवा गोरड त्याची ऐंशी मेंढरं घेऊन आला. दोन्हीकडच्यांना चालणारा माणूस म्हणून सरपंचांनी त्याला बोलावलं होतं. सकाळी आठला भिवाने आपल्या मनाने वीस मेंढ्या निवडल्या आणि एकेक करून ठकूबाईसमोरून नेल्या. तिने हात लावला नाही. नुसती बघत होती, जरा मान वाकडी करून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. एका मेंढीला दहा सेकंद. माझ्या हातात घड्याळ होतं.

मग तिला वर्गात नेऊन बसवलं, खिडक्या लावल्या. भिवाने आणि सरपंचांनी त्या वीस मेंढ्यांच्या मागच्या मांडीला, आतल्या बाजूला, पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. मेंढी उलथी केल्याशिवाय तो दिसत नव्हता. मग सगळी ऐंशी मेंढरं पटांगणात एकत्र सोडली, आणि आम्ही थांबलो, तब्बल चार तास. तेवढ्यात लोक भाकरी खाऊन आले, पोरं झाडावर चढून बसली. मी आत गेले तर ठकूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

“झोप लागली मावशी?”

“न्हाई. बगतीय त्यास्नी.”

दुपारी एकला तिला फाटकाशी उभं केलं. शाळेचं फाटक अरुंद, एका वेळी एकच मेंढी जाईल एवढं. भिवाचा भाऊ आतून मेंढरं सोडत होता. ठकूबाईने नुसतं “ही” म्हणायचं, मग दोन माणसं ती मेंढी धरून बाजूच्या वर्गात नेणार होती. मांडी लगेच पाहायची नाही, सगळं संपल्यावरच पाहायची, हे मी ठरवलं होतं.

पहिल्या सहा मेंढ्या गेल्या, ती गप्प. सातवीला म्हणाली, “ही.” मग लागोपाठ दोन. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी वहीत रेघा मारत होते. एकदा तिने “ही” म्हटलं आणि लगेच, “न्हाई, जाऊ द्या, ही तिची भन असंल,” असं म्हणून मेंढी सोडून दिली. लोक हसले. पुकळे मोठ्याने हसला.

सगळी मेंढरं संपली. वर्गात एकोणीस होती.

“एक राहिली,” पुकळे म्हणाला. “वीस दाखवली व्हती. आता घे कुठलीबी एक.”

“राहिली न्हाई,” ठकूबाई म्हणाली. “ती फाटकातनं आलीच न्हाई.”

“आलीच न्हाई म्हंजे? समदी सोडलीत की!”

“खालचा ओठ लोंबता व्हता तिचा. डाव्या कानाला गोचडीचा डाग. ती मी सकाळी बाराव्या खेपंला बगितली. आता आली न्हाई. उगंच दुसरी कशाला घिऊ?”

भिवा गोरडाने बाहेर पडलेली मेंढरं मोजायला घेतली. त्यानं दोनदा मोजली. वर्गातली धरून एकूण एकोणऐंशी भरली.

सरपंच उठले आणि शाळेला वळसा घालून मागे गेले. त्यांच्यामागून आम्ही सगळे. सरपण ठेवतात त्या पडवीत, फाट्यांच्या मागे, एक मेंढी खांबाला बांधलेली होती. तोंडाला चिंधी आवळलेली, ओरडू नये म्हणून. भिवाने चिंधी सोडली. मेंढीचा खालचा ओठ लोंबत होता. त्याने तिला उलथी केली. मांडीला पांढरा ठिपका होता.

पुकळ्याचा गडी मागच्या मागे निघून जात होता, त्याला कुणी अडवलंही नाही. पुकळे जमिनीकडे बघत उभा राहिला.

मग वर्गातल्या एकोणीस मेंढ्या एकेक करून उलथ्या केल्या. सरपंच स्वतः मोठ्याने सांगत होते, “ठिपका. ठिपका. ठिपका.” एकोणीसच्या एकोणीस. शेवटच्या मेंढीला बायकांनी असा काही गलका केला की बिचारी हिसडा देऊन दारातून पळाली. मला रडू आलं. ठकूबाई मात्र पदराने तोंड पुसत म्हणाली, “आता त्यास्नी पाणी दावा कुणीतरी. सकाळधरनं उपाशी हायत.”

दुसऱ्या दिवशी पुकळ्याचं खांड त्याच फाटकातून सोडलं. तिने नऊ मेंढ्या बाजूला काढल्या.

“अकरा म्हणत व्हतीस,” सरपंच म्हणाले.

“दोन ह्यात न्हाईत. एक बुटक्या शेपटीची आन एक जरा तिरळी. माझी न्हाईत ती मी घेणार न्हाई.”

सगळे पुकळ्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, “त्या दोन परवाच म्हसवडच्या बाजारात गेल्या.” त्याचं म्हणणं होतं की कातरणीत कळप मिसळले हे त्याला संध्याकाळी कळलं होतं आणि मग परत द्यायचा धीर झाला नाही. खरं-खोटं देव जाणे. त्या दोनच्या बदल्यात त्याने आपल्यातल्या दोन पाट्या, न व्यालेल्या तरण्या मेंढ्या, दिल्या. निवडल्या अर्थात ठकूबाईने.

वस्ती सोडायच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिने भाकरी-लसूणचटणी वाढली आणि म्हणाली, “चला, आता तुमची परीक्षा.” परड्यात पाच मेंढ्या मला दाखवल्या, मग बारा मेंढ्यांत मिसळल्या. मी भरपूर विचार करून पाच काढल्या. तिने बघितलं आणि खंडूने खाटेवरून विचारलं, “किती आल्या ताईंच्या?” ठकूबाई म्हणाली, “ते आमच्या दोघीतलं हाय.” आणि मला किती आल्या ते तिने आजतागायत कुणाला सांगितलं नाही. मीही सांगणार नाही.

पुण्यात सबनीस सरांनी माझी वही पूर्ण वाचली. चष्मा काढून म्हणाले, “वासंती, मेंढरं हा प्रमाणित चाचणीचा संच नाही.”

“नाही सर. पण आकृती काढणं हीसुद्धा प्रमाणित झाली ती पेन्सिल धरता येणाऱ्या लोकांवर.”

“परीक्षक तुला सोलून काढतील.”

“काढू देत.”

त्यांनी वही पुन्हा उघडून मेंढरांची पानं चाळली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले होते. शेवटी म्हणाले, “चौथं प्रकरण कर त्याचं. आकडे आणि पद्धत अशी लिही की कुणाला बोट घालायला जागा राहता कामा नये.” तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांनी त्या प्रकरणावर पाऊण तास खर्च केला. उठताना त्यांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? सर लगेच म्हणाले, “हिची. मी विरोधात होतो, ते नोंदवून ठेवा.” असं सांगायला मोठं मन लागतं, हे मला नंतर कळलं.

प्रबंधात कुणाचं नाव घालत नाहीत, क्रमांक घालतात. निघण्यापूर्वी मी ठकूबाईला हे सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “का? म्या काय चोरी केली? घाला की नाव.” म्हणून तिचा अंगठा घेऊन मी नाव घातलं.

पुढच्या भाद्रपदात काळ्या बांधणीची एक प्रत घेऊन मी वस्तीवर गेले. बातमी लागली तेवढे लोक जमले. मी पहिलं पान उघडून ऋणनिर्देशातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “हे बघा मावशी, इथे लिहिलंय, ठकूबाई झिमल. तुमचं नाव.”

“हे? एवढंच?” तिने बोट त्या अक्षरांवरून हळू फिरवलं, मान जरा वाकडी करून. मग पुस्तक माझ्या हातातून मांडीवर घेतलं आणि पानं उलटायला लागली. मला वाटलं, चित्रं शोधतेय. आकृत्या, तक्ते, कसलीशी आकडेमोड, पानामागून पान. चौथ्या प्रकरणाशी ती थांबली.

“हितं बी मीच हाय,” ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. ठकूबाई झिमल.

“हितं बी. आन हितं दोनदा.” बायका एकमेकींना ढोसायला लागल्या. खंडू आता काठी घेऊन चालत होता, तोही जवळ येऊन बसला. ती पुढची पानं उलटत राहिली आणि दरवेळी नेमक्या जागी बोट ठेवत राहिली. तिला एकही अक्षर वाचता येत नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

एका पानावर ती अडली. बोट नावावर होतं, पण ते उचलेना.

“हितलं येगळं हाय,” ती म्हणाली. “माझ्यासारखं हाय, पर हे माझं न्हाई.”

“तुमचंच आहे मावशी.”

“न्हाई. कायतरी कमी हाय त्यात.”

मी ते पान उजेडाकडे धरलं. टाइप करणाऱ्याकडून एक वेलांटी राहून गेली होती. ‘ठकूबाई झमल’ असं छापलं होतं. मी ते प्रकरण सहा वेळा वाचलं होतं, सबनीस सरांनी तीनदा आणि दोन परीक्षकांनी एकेकदा. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

मी पर्समधून पेन काढलं आणि राहिलेली वेलांटी घातली. तिने पुस्तक परत मांडीवर घेतलं, बराच वेळ बघितलं.

“आता माझं झालं,” ती म्हणाली, आणि पुढचं पान उलटलं.